तांब्याच्या दोन वाट्या

फार पूर्वी अश्मक देशाच्या कोरड्या अंगाला शिलावती नावाच्या नगरात वरुणदत्त राजा राज्य करीत होता. नाव वरुणदत्त आणि राज्यात पाण्याचा ठणठणाट. पण नाव आईबापांनी ठेवलेले, त्याला तो बिचारा काय करणार. त्याच्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी उंबरखेट नावाचे गाव होते. त्या गावच्या पाटकऱ्याच्या घरी त्या जन्मी बोधिसत्त्व जन्माला आला होता. पाटकरी म्हणजे पाटाचे पाणी पाळीप्रमाणे सोडणारा आणि बंद करणारा माणूस. बोधिसत्त्वाचे त्या जन्मीचे नाव वसुमित्र.

पण ही गोष्ट त्याच्या घरी सुरू होत नाही. ती सुरू होते खालच्या गावात, बोरखेटात, कंबल नावाच्या एका तापट माणसाच्या घरी.

कंबल हा बोरखेटचा पाटकरी. वय तिशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, कामाला वाघ आणि डोके असे गरम की त्याच्याशी बोलताना लोक दोन पावले मागे सरकून बोलत. घरात म्हातारी आई सामा, आणि बायको उत्पला. उत्पलाला दिवस गेले होते. जमीन पाटाच्या अगदी शेपटाला. सगळ्या गावाचे वाफे भिजवून जे काही उरेल ते कंबलाच्या जवाला मिळायचे, आणि पाटकऱ्यानेच आपले शेत आधी भिजवावे हे त्याच्या तत्त्वात बसत नव्हते. तापट असला तरी माणूस सरळ होता, एवढे आधीच सांगून ठेवतो.

आता पाण्याची व्यवस्था समजून घ्या. डोंगराच्या कुशीत एकच झरा. त्याचे पाणी रात्रभर तळ्यात साठायचे. सकाळी तळ्याच्या दाराची फळी उचलली की पाटाने पाणी निघायचे. पहिली पाळी उंबरखेटची, दुसरी बोरखेटची, आणि दोन्ही पाळ्या सारख्या. हा निवाडा कोण्या जुन्या राजाने करून दिला होता. नुसता निवाडा देऊन माणसे ऐकत नाहीत हे त्यालाही ठाऊक असावे, म्हणून त्याने मोजायचे साधनही दिले होते. एकाच तांबटाकडून, एकाच पत्र्यातून त्याने तांब्याच्या दोन वाट्या घडवून घेतल्या. दोघींच्या बुडाला सारखेच बारीक भोक. रांजणात पाणी भरून वाटी वर सोडायची. भोकातून पाणी आत येत येत ती भरायची आणि बुडायची. बुडाली की एक वाटी झाली. ठरलेल्या वाट्या बुडाल्या की पाळी संपली, फळी फिरवा. उंबरखेटची पाळी उंबरखेटच्या वाटीने मोजायची, बोरखेटची बोरखेटच्या वाटीने. एक गाव मोजत असताना दुसऱ्या गावचा पाटकरी समोर उभा राहून डोळ्यांत तेल घालून बघत असे.

दोन्ही गावे या वाट्यांना बहिणी म्हणत. आणि एक समजूत पक्की होती, की या दोघी बहिणी एका पाण्यात उतरल्या तर भांडतील आणि झरा आटेल. म्हणून दोन्ही गावांचे रांजण वेगळे. एकीची पाळी चालू असली की दुसरी कापडात गुंडाळून दूर ठेवलेली. ही समजूत कोणी काढली ते विचारू नका. कोरड्या मुलखात माणूस पाण्याच्या बाबतीत कशालाही भितो.

बाकी दोन्हीकडे भक्ती भरपूर. उंबरखेटकर रोज पाळी सुरू करण्याआधी वाटीला हळदकुंकू वाहत आणि तुपाचे बोट लावत. तिला घासत मात्र नसत. देवीच्या अंगाला राख कोण चोळणार? बोरखेटची रीत नेमकी उलटी. सामा म्हातारी रोज चिंच आणि राख घेऊन बसायची आणि वाटी अशी लख्ख घासायची की त्यात तोंड दिसावे. तिच्याआधी तिची सासू घासत असे, सासूच्या आधी तिची सासू. त्यांची बहीण काळी पडली, आमची बघा कशी झळकते, असे बोरखेटच्या बायका मोठ्या दिमाखाने सांगत.

असे पिढ्यान्‌पिढ्या चालले होते. मग पावसाने दोन वर्षे पाठ फिरवली. तिसऱ्या वर्षी झराच रोडावला. उंबरखेटात पीक हिरवे होते, थोडे मलूल, पण हिरवे. बोरखेटात जवाच्या ओंब्या बाहेर पडल्या आणि दाणा भरायच्या ऐन वेळी माना टाकू लागल्या. गावच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवले, की या खेपेला ओंबी भरली नाही तर गाव उठवायचे. गाड्या जुंपायच्या आणि नदीच्या मुलखाकडे चालू लागायचे.

कंबलाने ते ऐकले आणि ती वाट त्याच्या डोळ्यांपुढे आली. उन्हाळ्याचा माळ, वाटेत सावलीचे झाड नाही, पाण्याचे नाव नाही, आणि बरोबर अवघडलेली बायको. उत्पला गाडीच्या साटीवर अंथरायला जुनी लुगडी काढून ठेवू लागली. ते बघून कंबल घराबाहेर निघून गेला.

त्याला एकच गोष्ट कळत नव्हती. रोज तो उंबरखेटच्या पाळीला दाराशी उभा राही. वसुमित्र वाटी पाण्यावर सोडी, ती बुडाली की काढी, पुन्हा सोडी. कधी एक वाटी जास्त नाही. लबाडी नाही, घाई नाही, बोलणेही फारसे नाही. ठरलेल्या वाट्या झाल्या की तो स्वतः फळी फिरवी आणि बाजूला होई. मग कंबल आपली वाटी सोडी. तिच्याही तेवढ्याच वाट्या. मोजदाद चोख, आणि तरी पाणी कमी. कंबलाने सगळा पाट पालथा घातला. कुठे भगदाड नाही, कुठे चोरून काढलेली नाळी नाही. त्याने गावातल्या जाणत्यांना विचारले, की वरच्यांची पाळी संपेपर्यंत सूर्य इतका कलतो कसा. ते म्हणाले, सूर्य हिवाळ्यात एक चालतो, उन्हाळ्यात एक चालतो. त्याचे काय घेऊन बसलास, वाटी बदलत नाही.

शेवटी कंबलाचा संशय पक्का झाला. ज्या चोराचा माग सापडत नाही तो सगळ्यांत बिलंदर चोर, असे त्याचे म्हणणे. वसुमित्राचा तो शांत चेहरा आठवला की त्याचे रक्त उसळे. घरी वसुमित्राची डाळिंबाची बाग होती, बापाने लावलेली, आणि त्या दुष्काळातही तिला फुले होती. कंबलाला दुसरा पुरावा नको होता. तो कुदळ घेऊन तळ्याचे दार फोडायला निघाला.

सामा उंबऱ्यात आडवी उभी राहिली. म्हणाली, दार फोडलेस तर एका दिवसात तळे रिकामे होईल, मग काय चाटत बसणार आहेस? जायचे तर राजाकडे जा. कंबलाने दातओठ खाल्ले, कुदळ टाकली आणि शिलावतीची वाट धरली.

राजा वरुणदत्त काही फार शूर नव्हता, पण समंजस होता. दोन गावे काठ्या घेऊन एकमेकांवर धावायच्या बेतात आहेत हे ऐकून तो स्वतःच आला. तळ्याच्या काठावर त्याचे आसन मांडले. एका बाजूला उंबरखेट, दुसऱ्या बाजूला बोरखेट, आणि मधे दोन रांजण.

पाण्याच्या चोरीचा निवाडा त्या देशात शपथेने होई. ज्याच्यावर आळ आला त्याने आपल्या गावची वाटी डोक्यावर घ्यायची आणि म्हणायचे, की मी एक वाटीही जास्त घेतली नाही. खोटी शपथ घ्यायची कोणाची छाती नव्हती. शपथ झाली की प्रकरण कायमचे मिटले, पुन्हा कोणी तोंड उघडायचे नाही. आणि खोटा आळ घेणाऱ्याच्या शेताला त्या हंगामात पाटाचे पाणी बंद. कंबलाला हे सगळे माहीत होते. तरी तो पुढे आला आणि सगळ्यांसमोर बोट दाखवून म्हणाला, की हा वसुमित्र आमचे पाणी चोरतो. कसे चोरतो ते सांगता येत नाही, पण चोरतो. सामाने पदरातून जवाच्या ओंब्यांची जुडी काढून राजाच्या पायाशी ठेवली आणि ती मागे जाऊन बसली.

उंबरखेटच्या लोकांत हसे पिकले. कसे चोरतो ते सांगता येत नाही म्हणे. त्यांचा ग्रामणी, म्हणजे गावाचा मुखिया, रुद्रिल नावाचा होता. जाडजूड, देवभोळा, गावासाठी जीव टाकणारा माणूस. तो वसुमित्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वाटी डोक्यावर घे, बोल आणि घरी चल. तुला खोटं काहीच बोलायचं नाहीये."

आणि ते खरे होते. हे नीट ध्यानात घ्या. वसुमित्राने उभ्या जन्मात एक वाटी जास्त घेतली नव्हती. शपथ घेतली असती तर ती शंभर नंबरी खरी ठरली असती, राजाने मान डोलावली असती, आणि कंबल बायकोला गाडीत घालून माळावर निघाला असता.

वसुमित्राने कुंकवाने माखलेली वाटी दोन्ही हातांत घेतली. कपाळापर्यंत नेली. मग त्याची नजर त्या जुडीवर गेली. त्याने वाटी पुन्हा खाली घेतली, वाकून एक ओंबी उचलली आणि तळहातावर चोळली. शेतकरी दाणा बघायला चोळतो तशीच. मग फुंकर मारली. फोलकटे उडून गेली आणि तळहातावर काही राहिले नाही. त्याने दुसरी ओंबी चोळली. तेच झाले. कंबल दात आवळून बघत होता. त्याला वाटले, नाटक करतोय.

वसुमित्र राजाकडे वळला. "महाराज, मी शपथ घेतली तर ती खरी होईल," तो म्हणाला. "मी एक वाटीही जास्त घेतलेली नाही. पण ही ओंबीसुद्धा खरी आहे. दोन्ही खरं असेल, तर खोटं काहीतरी तिसरंच आहे. ते सापडेपर्यंत मी शपथ घेणार नाही."

राजाने विचारले, ते तिसरे कुठे शोधायचे. वसुमित्र म्हणाला, की आमच्या पाळीत सावली फार सरकते हे मीही कित्येक वर्षे बघतो आहे. सूर्याचे सूर्य जाणे म्हणून मी तो विचार सोडून देत आलो, कारण सोडून देणे माझ्या सोयीचे होते. आता मला या दोघी बहिणींना एका पाण्यात सोडू द्या.

तळ्याच्या काठावर जो गलका उठला तो राजाच्या शिपायांनाही आवरेना. त्या गलक्यात दोन्ही गावे एक झाली होती, हे विशेष. बायकांनी कानांवर हात ठेवले. खुद्द कंबलाच्या अंगावर काटा आला. त्याला पाणी हवे होते, झराच गेलेला नको होता. रुद्रिल लालबुंद होऊन ओरडला, की उद्या झरा आटला तर हा काय भरून देणार आहे?

"आटला तर मला हाकलून द्या," वसुमित्र म्हणाला. "पण रुद्रिलकाका, बोरखेटपुरता तो आजच आटलाय."

राजाच्या कपाळावर घाम आला होता. त्याने एकदा डोंगराकडे पाहिले, एकदा त्या रिकाम्या ओंब्यांकडे. मग त्याने आपल्या स्नानाचे मोठे घंगाळ मागवले आणि ते झऱ्याच्या पाण्याने भरायला सांगितले.

सामाने कापड सोडून आपली वाटी कंबलाच्या हातात दिली. एका बाजूने कंबल वाकला, दुसऱ्या बाजूने वसुमित्र. एक काळी, एक झळझळीत, अशा दोन्ही बहिणी इतक्या पिढ्यांनंतर एका पाण्यावर तरंगू लागल्या. भांडणबिंडण काही झाले नाही. बोरखेटची वाटी भरत गेली, कलली आणि बुडाली. उंबरखेटची तरंगतच होती. लोक बघत राहिले. कोणाचे तान्हे रडले, त्याला घेऊन कोणी गर्दीबाहेर गेले, परतले, तरी ती तरंगतच होती. शेवटी एकदाची बुडाली.

कंबलाला आधी आनंद झाला. झाला म्हणजे उकळ्या फुटल्या. सापडला चोर! त्याने मान वर करून वसुमित्राकडे पाहिले, आणि आनंद जागच्या जागी विरला. वसुमित्राच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पकडले गेल्याचे ते रडणे नव्हते. आपल्या हातून रोज काय घडत होते ते त्या माणसाला त्याच क्षणी कळले होते.

त्याने वाटी बाहेर काढली, बाभळीचा काटा मागितला आणि देवीच्या बुडाशी असलेले भोक साफ करू लागला. रुद्रिलाने डोळे मिटून घेतले. हळद, कुंकू आणि तूप यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दगडासारखा झालेला थर तुकड्या-तुकड्याने निघत होता. मूळचे भोक मोकळे झाले. दोन्ही वाट्या पुन्हा पाण्यावर सोडल्या. या वेळी उंबरखेटची वाटी पुष्कळ लवकर बुडाली. पण बोरखेटची तिच्याही आधी बुडालेली होती.

कंबलाने आपली वाटी उचलून उन्हाकडे धरली आणि भोकातून पलीकडे पाहिले. भोक मूळच्यापेक्षा मोठे झाले होते, कडा कागदासारख्या पातळ. काय झाले असेल ते त्याच्या ध्यानात आले आणि त्याने आईकडे न पाहण्याचा प्रयत्न केला. वसुमित्राने ते ओळखले. तो सावकाश म्हणाला, "तांबंच ते. वापरून झिजतं."

पण सामा उठून पुढे आली. तिने हात पुढे केले, चिंचेने वर्षानुवर्षे उललेले हात. "झिजत नाही, बाबा," ती म्हणाली. "मी झिजवलं. मला वाटायचं, मी पुण्य करतेय. रोज घासताना मी माझ्याच गावाचं पाणी घासून टाकत होते." एवढे बोलून ती मटकन खाली बसली. कंबल धावत जाऊन तिच्याजवळ बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणावर रागवावे ते कळेना.

राजाने निकाल दिला. चोरी कोणी केली नाही, पण कंबलाचा आळही अगदी खोटा नव्हता, म्हणून त्याचे पाणी चालू राहील. दोन्ही वाट्या राजाच्या ताब्यात, आणि नवी एकच वाटी घडवायची, तिनेच दोन्ही पाळ्या मोजायच्या. ती येईपर्यंत उंबरखेटच्या साफ झालेल्या वाटीने राजाचा शिपाई दोन्ही गावांना मोजून देईल. लोक उठायला लागले. रुद्रिलही हात जोडून म्हणाला, की महाराज, नकळत झाले ते पाप नव्हे. आजपासून नवे चालू, मागचे कशाला उकरायचे?

"नकळत होतं तोवर पाप नव्हतं, काका," वसुमित्र म्हणाला. "आता कळलंय."

मग त्याने आपल्या गावासमोर हात जोडले. म्हणाला, की बोरखेटच्या ओंब्यांत दाणा भरेपर्यंत आपली पाळी आपण त्यांना देऊ. आपले पीक थोडे कमी येईल, पण उपाशी कोणी मरणार नाही. उंबरखेटकरांनी माना फिरवल्या. दुष्काळात आपले पाणी दुसऱ्याला द्यायचे म्हणजे काय गंमत आहे? राजानेही जबरदस्ती केली नाही. नव्या वाटीच्या निकालापलीकडे जाऊन आपण काही सांगावे एवढे धैर्य त्याच्यात नव्हते. तेव्हा वसुमित्र म्हणाला, ठीक, गावाचे गाव बघेल. माझ्या घराच्या वाट्याचे पाणी आजपासून खाली जाईल.

पाटकऱ्याच्या घराचा वाटा पुष्कळ होता, कारण बाग मोठी होती. दुसऱ्या दिवसापासून ते सगळे पाणी बोरखेटच्या पाटात पडू लागले. कंबल दाराशी उभा राहून बघत असे. वसुमित्र आपल्या बागेची नाळी मातीने बुजवी, हात धुई आणि वर पाहत नसे.

उंबरखेटने त्याला वाळीत टाकले. त्याच्या घरी विस्तव मागायला कोणी येईना, पाणवठ्यावर त्याच्या बायकोला बघून बायका घागरी उचलून निघून जात. उन्हाळा चढला तशी झऱ्याची धार आणखी बारीक झाली, ती दर उन्हाळ्यात होतेच. पण आता सगळ्यांना कारण मिळाले. बहिणींना एकत्र आणलेस ना, भोग आता फळ, असे येता-जाता सुनवायला लोक कमी करीत नव्हते. वसुमित्र ऐकून घेई. आणि बाग वाळत चालली. आधी फुले गळली, मग पाने कडेने करपली, मग बापाने लावलेली ती झाडे एकेक करून काड्या झाली.

एके दिवशी कंबलाला ते बघवेना. तो थेट वसुमित्राच्या अंगणात गेला. त्याच्या तोंडावर चोर म्हटल्यानंतर हे पहिलेच जाणे. काय बोलावे ते त्याने वाटेत दहा वेळा ठरवले होते आणि समोर आल्यावर सगळे विसरला. कसाबसा म्हणाला, "दादा, ओंब्यांत दूध भरलंय. आमचं आता निभेल. चार दिवस तरी तुमचं पाणी तुम्ही घ्या. झाडं मरताहेत."

वसुमित्राने त्याला ओट्यावर बसवले. "दूध भरलंय, दाणा अजून भरायचाय," तो म्हणाला. "लहानपणापासून मी या झाडांची डाळिंबं खाल्ली, कंबला. फार गोड होती. ते तुमच्या शेतातलं पाणी होतं, हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय. आता ती मला कशी गोड लागतील?"

कंबल वाकला आणि त्याने वसुमित्राच्या पायांना हात लावला. गावात कोणाच्या पाया न पडणारा तो माणूस ढसाढसा रडला. रागाच्या भरात आपण कोणाकडे बोट दाखवले होते हे त्याला त्या वाळलेल्या बागेत बसून कळले, आणि असा माणूस आपल्याला चोर म्हणून का होईना पण भेटला, याचे त्याला मोठे नवल वाटत राहिले. पुढे तो ज्याला त्याला हेच सांगे.

झरा आटला नाही. वाढलाही नाही. जेवढा होता तेवढाच राहिला. चमत्कार व्हायचा तो झाला नाही. पण बोरखेटच्या जवात दाणा भरला. गाड्या जुंपायच्या राहिल्या, आणि उत्पला आपल्याच घरी, आपल्याच खाटेवर बाळंत झाली, मुलगी झाली. मळणीच्या दिवशी रुद्रिल खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. त्याने रास बघितली. मग तो घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची सून विस्तव मागायला वसुमित्राच्या दारात आली. तिच्यामागे हळूहळू बाकीचे गावही आले.

नवी वाटी घेऊन राजा पुन्हा तळ्यावर आला तेव्हा त्याने विचारले, की आता वाटी एक आणि गावे दोन, मग ती ठेवायची कोणाकडे. दोन्ही गावे एका आवाजात म्हणाली, वसुमित्राकडे.

वसुमित्राने मान हलवली. तो म्हणाला, "माझ्याकडे नको, महाराज. तुम्ही सगळे आता माझ्यावर विश्वास ठेवता, आणि विश्वास ठेवला की माणूस बघायचं सोडतो. ज्यानं माझ्यावर संशय घेतला त्याच्याकडे द्या."

राजाने वाटी कंबलाच्या हातात दिली. तो मरेपर्यंत दोन्ही गावांचा पाटकरी होता, आणि त्याच्या राज्यात, असेच म्हणू या, उंबरखेटचे पाणी बोरखेटला गेले नाही आणि बोरखेटचे उंबरखेटला गेले नाही. वसुमित्र आयुष्य सरल्यावर आपल्या कर्माप्रमाणे पुढच्या गतीला गेला.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, सांगितली ती एका कडक उन्हाळ्यात. विहारातली विहीर तळाला गेली होती, आणि पाणी थोरल्यापासून धाकट्यापर्यंत वयाच्या क्रमाने वाटायचे असा नियम होता. वारण नावाचा थेर, म्हणजे वडीलधारा भिक्खू, ते वाटत असे. एके दिवशी सर्वांत शेवटी बसणारा नागिल नावाचा तरुण भिक्खू तापाने फणफणलेला असताना पाण्यावाचून बेशुद्ध पडला. भिक्खूंनी वारणाला जाब विचारला, तेव्हा तो शास्त्यापुढे येऊन निर्धास्तपणे म्हणाला, "भगवन, मी एकही नियम मोडलेला नाही." शास्ता म्हणाला, "वारणा, तू खरे बोलतोस. पूर्वीही तू असेच खरे बोलायला सांगितले होतेस." आणि मग त्याने वरची गोष्ट सांगितली.

गोष्ट संपल्यावर शास्ता म्हणाला, "त्या वेळचा राजा वरुणदत्त म्हणजे ज्याने हा विहार बांधून दिला तो उपासक. सामा म्हणजे त्याची आई, जी रोज आपले अंगण झाडून मग इथले झाडायला येते. वसुमित्र मीच होतो. कंबल म्हणजे हा तापाने पडलेला नागिल. आणि रुद्रिल, वारणा, तू होतास. खोटे न बोलणे पुष्कळांना जमते. आपल्या खऱ्या बोलण्यामागे कोणाची ओंबी रिकामी राहिली ते वाकून बघणे, याला मी सत्य म्हणतो. त्या जन्मी माझी सत्याची साधना, सत्य पारमी, पूर्णत्वाला गेली ती अशी."

वारण थेराने वर पाहिले नाही. तो उठला, आपल्या वाट्याचे पाणी घेतले आणि नागिलाच्या उशाशी जाऊन बसला. नागिलाचे डोके त्याने मांडीवर घेतले आणि थोडे थोडे करून ते सगळे पाणी त्याला पाजले.